कॅमेऱ्याच्या डोळ्यावर सावली

उन्हात उभे राहून लांबून येणारे माणूस ओळखायचे असले, म्हणजे आपण काय करतो? तळहात आडवा करून भुवयांवर धरतो. हे कुणी शाळेत शिकवलेले नसते. गुराखी करतो, बांधावर उभी असलेली बाई करते, एस्टीची वाट पाहणारे आजोबाही करतात. हात धरल्याने समोरचे माणूस काही जवळ येत नाही, की त्याच्या अंगावर जास्त ऊन पडत नाही. फरक पडतो तो आपल्या डोळ्यात. वरून तिरपे येणारे, आपल्याला नको असलेले ऊन अडते आणि पाहायचे तेवढे स्वच्छ दिसते.

कॅमेऱ्याचा डोळा म्हणजे त्याचे भिंग. या भिंगालाही तिरप्या उन्हाचा असाच त्रास होतो, पण बिचाऱ्याला हात नाही. म्हणून त्याच्या तोंडाशी एक काळी, पुढे आलेली कड बसवतात. फोटोवाले तिला ‘लेन्स हूड’ किंवा नुसते ‘हूड’ म्हणतात. खेड्यातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगायचे, तर ही भिंगाची पडवी. घराला पडवी असली म्हणजे दारातून उजेड येतो, पण तिरपे ऊन थेट माजघरात शिरत नाही. हूडचे कामही तेवढेच.

आता तुम्ही म्हणाल, हा शहरातल्या हौशी लोकांचा विषय झाला, आमचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. आज घरोघरी मोबाईलमध्ये कॅमेरा आला आहे. २०२१ साली महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातल्या पिकाचा फोटो शेतकऱ्यानेच काढून नोंदवायचा, अशी पद्धत आली. गारपिटीने कांदा झोपला, मका आडवा झाला, तर पंचनाम्याच्या आधी घरचा माणूस फोटो काढून ठेवतो. शाळेत वर्गाचा फोटो निघतो. कित्येक मुलामुलींच्या लहानपणाची तेवढीच एक खूण पुढे उरते. असे फोटो म्हणजे साक्षीदार. साक्षीदाराच्या डोळ्यापुढे धुके असेल, तर त्याची साक्ष कच्ची पडते. म्हणून हे धुके येते कुठून, ते आधी पाहू या.

फोटोत जेवढा देखावा येतो, तेवढ्याकडूनच भिंगावर उजेड पडतो, असे आपल्याला वाटते. तसे नसते. फोटोच्या चौकटीबाहेर, वर किंवा बाजूला असलेला सूर्यही भिंगाच्या काचेवर आपले किरण टाकत असतो. या किरणांना चित्रात जागा नसते. पण काचेत शिरल्यावर ते आत इकडून तिकडे आपटत फिरतात. याला आपण भटका उजेड म्हणू.

तो आपटतो कसा, हे रात्री घरच्या घरी पाहता येते. खिडकीच्या बंद काचेसमोर मेणबत्ती धरा आणि जरा तिरके उभे राहून काचेत पाहा. एका ज्योतीच्या अगदी शेजारी शेजारी दोन ज्योती दिसतील. एक काचेच्या पुढच्या पृष्ठभागाने परत पाठवलेली, दुसरी मागच्या पृष्ठभागाने. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शंभरातला सुमारे ४ भाग उजेड मागे फिरतो.

कॅमेऱ्याच्या भिंगात एकच काच नसते. समजा, हवेला लागून असलेले काचेचे सहा पृष्ठभाग आहेत. प्रत्येकाने शंभरातले ४ भाग परत पाठवले, तर सहावा पृष्ठभाग ओलांडेपर्यंत ७८ भागच सरळ पोचतात. उरलेले जातात कुठे? काही पुढच्या तोंडाने बाहेर पडतात. काही मात्र एका पृष्ठभागावरून मागे फिरतात, दुसऱ्यावर आपटून पुन्हा पुढे वळतात आणि फिल्मवर, किंवा आजच्या कॅमेऱ्यात सेन्सरवर, जाऊन पडतात. सहा पृष्ठभागांतून अशा दोन-दोनांच्या जोड्या १५ होतात. म्हणजे भटक्या उजेडाला आत येण्याच्या पंधरा वाटा झाल्या. एकेका वाटेने येणारा उजेड थोडा असतो, हे खरे. पण सूर्यबिंब हे उन्हात धरलेल्या पांढऱ्या कागदाच्या हजारो पटींनी तेजस्वी आहे. त्याचा थोडा अंश म्हणजे बाकीच्यांचा पुष्कळ झाला.

या उजेडाने दोन प्रकारचे नुकसान होते. कधी तो सगळ्या चित्रावर सारखा पसरतो. मग फोटो दुधात पाणी घातल्यासारखा फिका येतो, काळे ते करडे दिसते आणि रंग उडालेले वाटतात. कधी तो एका जागी गोळा होतो आणि चित्रात गोल किंवा पंचकोनी, षट्कोनी ठिपके ओळीने उमटतात. त्या ठिपक्यांचा आकार भिंगातल्या झडपेच्या छिद्राचा असतो. काही लोकांना फोटोत असे ठिपके दिसले की भूतबाधेची शंका येते. हा खेळ सगळा काचेचा आहे, एवढे गावात समजावून सांगायला हरकत नाही.

पहिल्या प्रकारचे नुकसान चटकन लक्षात येत नाही, म्हणून त्याचा हिशेब मांडू या. शिक्षक बंधुभगिनींनी हा फळ्यावर घालावा. समजा, मुलाच्या काळ्या केसांकडून १ माप उजेड येतो आणि त्याच्या पांढऱ्या सदऱ्याकडून ६४ मापे. दोहोंत ६४ पटींचा फरक. आता भटक्या उजेडाची ४ मापे सगळीकडे सारखी मिसळली. केसांची झाली ५ आणि सदऱ्याची ६८. फरक उरला साडेतेरा पटींचा. सदऱ्याचे फारसे काही बिघडले नाही; मारा बसला तो अंधाऱ्या भागाला. भुवया, डोळ्यांच्या खाचा, पिकाच्या पानाखालची सावली आणि त्या सावलीत लपलेले किडीचे डाग असा सगळा बारकावा तिथेच असतो. मागाहून मोबाईलवर ‘काळे’ वाढवून फोटो गडद करता येतो, पण बुडालेला बारकावा सगळा वर येत नाही.

शास्त्रज्ञांनी यावर काचेच्या बाजूने उपाय शोधलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील डेनिस टेलर यांच्या ध्यानात आले की, जुनी, हवेने डागाळलेली भिंगे नव्यापेक्षा जास्त उजेड आत सोडतात. पुढे १९३५ साली जर्मनीत झाइस कारखान्यातील अलेक्झांडर स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ लेप चढवण्याची रीत सिद्ध केली. भिंगात डोकावल्यावर जांभळी, निळी किंवा हिरवी झाक दिसते, ती अशा लेपांची. आजच्या उत्तम लेपांमुळे एका पृष्ठभागावरून मागे फिरणारा उजेड शंभरातल्या अर्ध्या भागाच्याही खाली आला आहे. तरी हूड गेलेले नाही. लेप आत शिरलेल्या उजेडाची भटकंती कमी करतो; हूड त्याला दारातच अडवते. शिवाय काचेवरची धूळ, बोटांचा तेलकट ठसा आणि चरे यांवर लेपाची मात्रा चालत नाही.

हूड असते कसे? काही नळीसारखी सरळ असतात, काही पुढे रुंदावत गेलेल्या नरसाळ्यासारखी. काहींना पाकळ्या असतात: वर आणि खाली लांब, दोन्ही बाजूंना आखूड आणि चार कोपऱ्यांत खाचा. हे नक्षीकाम नव्हे. फोटो आडवा चौकोनी असतो. तो कोपऱ्यांकडे सर्वांत लांबवर पाहतो आणि वर-खाली सर्वांत कमी. जिथे कमी पाहतो, तिथे पडवी लांब काढता येते, एवढाच त्यातला हिशेब. सिनेमाच्या कॅमेऱ्यापुढे चौकोनी खोके लावलेले असते, त्याचे कारणही हेच.

हूडची आतली बाजू काळी आणि खरबरीत हवी. चकचकीत पत्र्याचे हूड लावले, तर ते स्वतःच आरशासारखे ऊन आत फेकते. दूरचे दाखवणाऱ्या भिंगाला लांब हूड चालते, कारण ते समोरची अरुंद फट तेवढी पाहते. शेजारच्या येवला तालुक्यात ममदापूरच्या माळावर काळविटांचे फोटो काढायला लोक येतात, त्यांच्या कॅमेऱ्यांपुढे लांबच लांब काळी नळकांडी दिसतात, ती अशी. तेच नळकांडे रुंद पाहणाऱ्या भिंगाला लावले, तर फोटोचे चारही कोपरे काळे होतील. म्हणून ज्या भिंगाचे हूड त्यालाच लावावे. कित्येक जण हूड उलटे बसवून ठेवतात आणि तसाच फोटो काढतात. पडवी घराच्या मागच्या अंगाला बांधली, तर पुढच्या दारावर सावली पडेल का?

नांदगावकरांना हूडची ओळख करून द्यायला कॅमेऱ्याच्या दुकानात जायची गरज नाही. स्टेशनावर जावे आणि सिग्नल पाहावा. मुंबई-भुसावळ मार्गावरच्या या स्टेशनाजवळ, किंवा पलीकडे मनमाड जंक्शनला, रंगीत दिव्यांचे सिग्नल आहेत. त्यांच्या प्रत्येक दिव्यावर पुढे आलेली काळी कड असते. पावसासाठी ती असावी, असे आपल्याला वाटते. तिचे मोठे काम उन्हाशी आहे. सकाळ-संध्याकाळचे उतरते ऊन सिग्नलच्या काचेवर पडून परतले, तर विझलेला दिवा पेटल्यासारखा भासू शकतो, किंवा पेटलेला फिका पडतो. त्या काळ्या कडेमुळे काच सावलीत राहते आणि ड्रायव्हरला खरा रंग ओळखता येतो. फोटोत चूक झाली तर फोटो जातो. इथे त्या सावलीवर गाडीभर माणसांची भिस्त असते.

आता आपल्या गावचे ऊन भिंगाला केव्हा छळते, ते पाहू. नांदगाव सुमारे २०.३ उत्तर अक्षांशावर आहे. २० मेच्या सुमारास माध्यान्ही सूर्य इथे जवळजवळ बरोबर डोक्यावर येतो. ते ऊन माणसाला असह्य होते. पण कॅमेरा समोर सरळ धरला, तर एवढ्याशा कडेनेही भिंगावर सावली पडते. भिंगाचा खरा वैरी आहे तो हिवाळ्यातला सकाळचा सूर्य. २६ जानेवारीला झेंडावंदनाच्या वेळी, सकाळी सव्वानऊच्या सुमारास, सूर्य क्षितिजापासून साधारण २५ अंशच वर असतो. स्नेहसंमेलने, क्रीडास्पर्धा आणि वर्गाचे फोटोही याच दिवसांत होतात.

जुने फोटोवाले सांगत, ऊन पाठीशी घेऊन फोटो काढावा. त्याने भिंग वाचते, पण समोरच्या मुलांच्या डोळ्यांत ऊन जाते. मग चाळीस मुले डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी राहतात आणि जन्मभर तशीच फोटोत राहतात. त्यापेक्षा मुलांच्या पाठीशी किंवा खांद्याच्या अंगाने ऊन घ्यावे. चेहरे मोकळे होतात, डोळे उघडे राहतात. मात्र आता ऊन कॅमेऱ्याच्या तोंडावर येते. त्याचा बंदोबस्त करता आला, तरच ही सोय आपल्या हाती लागते. मुलांचे चेहरे गडद वाटले, तर समोर एखादे पांढरे धोतर किंवा चादर उन्हात पसरून धरावी. तिचा परतीचा उजेड चेहऱ्यांवर पडतो. मोबाईल असेल, तर पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावे, म्हणजे तो चेहऱ्याच्या मानाने उजेड मोजतो.

पण अशा वेळी विकत आणलेले हूड पुरेल का? पुन्हा थोडे गणित करू. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे नेहमीचे भिंग आहे, पुढची काच ३० मिलिमीटर रुंद आहे, आणि सूर्य समोर २५ अंशांवर आहे. कॅमेरा आडवा धरला, तर हे भिंग सरळ रेषेच्या वर साधारण साडेतेरा अंशांपर्यंत पाहते. सगळी काच सावलीत यावी आणि कड मात्र फोटोत येऊ नये, असे पाहिजे असेल, तर ती कड भिंगापासून सुमारे १३ सेंटिमीटर पुढे असावी लागते. एवढे लांब हूड या भिंगाला कोण लावणार? इथे आपली जुनी युक्तीच कामी येते. बरोबरच्या माणसाला बाजूला उभे करावे आणि त्याने छत्री, वही, पुठ्ठा किंवा टोपी भिंगाच्या पुढे, जरा वर धरावी. कुठे धरायची, ते काचच सांगते. काचेवर सावली आली की काम झाले. फोटोत पुठ्ठ्याची कड डोकावत नाही ना, तेवढे फोटो काढणाऱ्याने पाहावे.

मोबाईलचा मामला थोडा वेगळा आहे. त्याची काच हरभऱ्याएवढी, म्हणून सावली करायला एक तळहात पुरे. पण त्याची नजर फार रुंद असते. साधारण मोबाईल उभा धरला, तर त्याचा नेहमीचा कॅमेरा वरच्या बाजूला ३५ अंशांच्या आसपास पाहतो. म्हणजे २५ अंशांवरचा सूर्य सरळ फोटोतच येतो. आडवा धरला, तर तोच सूर्य चौकटीच्या अगदी काठावर येतो. म्हणून अशा वेळी मोबाईल आडवा धरावा, किंचित खाली झुकवावा, आणि मग वरून हाताची सावली करावी. त्याच्याही आधी एक काम करावे: काच स्वच्छ मऊ फडक्याने पुसावी. मोबाईल दिवसभर हातात, खिशात, कधी पिठाच्या, कधी खताच्या बोटांत असतो. त्या मळक्या काचेवर ऊन पडले की फोटो धुरकट होणारच.

हूडच्या हातून काय होत नाही, हेही सांगितले पाहिजे. उजेडाचे मूळच फोटोच्या चौकटीत असेल, तर हूडचा इलाज चालत नाही. एक उदाहरण वेरूळचे घेऊ. मनमाडहून औरंगाबादकडे जाणारी रेल्वे होण्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, वेरूळची लेणी पाहायला येणारे प्रवासी नांदगावला उतरत आणि तिथून टांग्याने जात. ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी सूर्य डोंगराच्या मागून वर येतो आणि लेण्यांकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्याच्या काचेवर समोरून पडतो. अशा वेळी हूड किंवा हात उत्तम काम देतो. दुपारनंतर ऊन कॅमेऱ्याच्या पाठीशी जाते आणि दर्शनी भाग उजळतो, तेव्हा अडचणच राहत नाही. पण लेण्याच्या अंधारात उभे राहून दरवाजाकडे फोटो काढला, तर बाहेरचा लख्ख उजेड चित्रातच आहे. त्याला पडवी कशी अडवणार? तिथे जागा बदलावी, दरवाजा खांबाआड घ्यावा. तसेच, कॅमेऱ्यावरचा फ्लॅश वापरताना लांब हूड काढून ठेवावे, नाही तर त्याची सावली फोटोच्या खालच्या भागात पडते. आणि कॅमेऱ्याच्या डोकावण्याच्या काचेतून सूर्याकडे कधीही पाहू नये. मुलांना हे बजावून सांगावे. डोळा कायमचा जाऊ शकतो.

उजेड अडवण्याची ही विद्या लहान नाही. नांदगावच्या पूर्वेला, त्याच लोहमार्गावर, चाळीसगाव आहे. तिथे केकी मूस या छायाचित्रकाराने आपले आयुष्य घालवले. १९८९ मध्ये ते वारले. घराच्या चार भिंतींत, टेबलावर लहान लहान वस्तू मांडून, दिव्यांच्या उजेडात त्यांनी काढलेल्या छायाचित्रांनी मोठे नाव मिळवले. टेबलावर असा देखावा उभा करणाऱ्याला दिवा कुठे ठेवायचा याइतकाच, त्याचा उजेड कुठे जाऊ द्यायचा नाही, याचाही विचार करावा लागतो. अलीकडे, २ सप्टेंबर २०२३ रोजी, भारताने आदित्य-एल १ हे यान सूर्याच्या अभ्यासासाठी सोडले. त्यावर बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने तयार केलेली एक दुर्बीण आहे. सूर्याभोवतीचे प्रभामंडल तिला पाहायचे असते, आणि ते सूर्यबिंबाहून सुमारे दहा लाख पटींनी मंद असते. बिंबाचा झगझगीत उजेड बाजूला काढून टाकण्याची सोय त्या दुर्बिणीत केली आहे, म्हणून तर ते दिसू शकते. खग्रास ग्रहणात चंद्र जे काम करतो, तेच इथे यंत्राकडून करवून घेतले आहे.

शिक्षकांसाठी शेवटी एक प्रयोग. काळा जाड कागद घ्या, नसेल तर पुठ्ठ्याला आतून काजळी किंवा काळा रंग लावा. भिंगाच्या तोंडाभोवती बसेल अशी नळी करा आणि ती पहिल्यांदा लांबच ठेवा. पडद्यावर फोटोचे कोपरे काळे दिसतील. मग ते कोपरे उजळेपर्यंत नळी थोडी थोडी कापत जा. जिथे कोपरे मोकळे झाले, तिथे थांबा; तुमच्या कॅमेऱ्याचे माप तुम्हाला मिळाले. झूम असेल, तर हे माप सर्वांत रुंद नजरेवर घ्या. आता सकाळच्या उन्हात, सूर्य चौकटीच्या जरा बाहेर ठेवून, एकाच झाडाचे दोन फोटो काढा, एक हूड लावून आणि एक काढून. दोन्ही शेजारी शेजारी ठेवा आणि मुलांना विचारा, बुंध्याची साल कशात नीट दिसते? उत्तर मुलेच देतील. मग त्यांना एक वही द्या आणि वर्गाच्या फोटोच्या दिवशी भिंगावर सावली धरण्याचे काम त्यांच्यातल्याच एकावर सोपवा.